पाळण्यापाशी बाप हवा

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने एक निर्णय घेतला. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांची नावे सरकारी कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायची. निर्णय योग्यच होता. जिने मूल पोटात वाढवले, पाजले, त्याच्यासाठी रात्री जागवल्या, तिचे नाव मुलाच्या नावाला जोडले जायला राज्याच्या स्थापनेनंतर चौसष्ट वर्षे लागली. आई उशिरा का होईना, कागदावर आली. या सुधारणेची दुसरी बाजू मात्र अजून अपुरीच आहे. बाप कागदावर पहिल्यापासून आहे. त्याला मुलाच्या रोजच्या संगोपनात आणायचे बाकी आहे, आणि ते केल्याशिवाय मुलांचे भले पुरते साधणार नाही.

कायद्याने बापाला काय दिले आहे ते आधी पाहू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ चा. त्याच्या सहाव्या कलमानुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पहिला बाप, त्याच्यानंतर आई. गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये या तरतुदीचा उदार अर्थ लावला आणि बाप हयात असतानाही आई पालक ठरू शकते असा निर्वाळा दिला. पण कलमातला क्रम तसाच राहिला. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. म्हणजे निर्णयाचा अधिकार बापाचा आणि पहिल्या पाच वर्षांची मेहनत आईची, अशी वाटणी कायद्यानेच करून ठेवली आहे.

कामगार कायद्यांतही तेच. प्रसूती लाभ अधिनियम १९६१ चा. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. स्त्रियांच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. बापासाठी त्यात एक दिवसही नव्हता. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघर ठेवावे, अशी तरतूद याच दुरुस्तीने आली. तिथे दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा आहे, तीही फक्त आईला. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये प्रसूती लाभाचे वेगळे प्रकरण आहे. तिथेही बापाला जागा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना दोन मुलांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत ती मालकाच्या मर्जीवर, आणि हातावर पोट असलेल्याला तर ती ठाऊकही नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये वेळवापर सर्वेक्षण केले. लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची ती मोजदाद. १५ ते ५९ वयोगटात घरातल्या माणसांची काळजी घेण्याचे काम पाहणीच्या दिवशी ४१ टक्के स्त्रियांनी केले, पुरुषांपैकी २१.४ टक्क्यांनी. ज्यांनी ते केले त्यांत स्त्रियांनी सरासरी १४० मिनिटे दिली, पुरुषांनी ७४. यात मुलांबरोबर घरातले वृद्ध आणि आजारीही आले. म्हणजे पाचांतले जवळपास चार पुरुष त्या दिवशी या कामाकडे वळलेच नाहीत.

आता मुलाच्या बाजूने पाहू. मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब यांनी १९७५ मध्ये एका लेखात दाखवून दिले की, बालविकासाच्या अभ्यासकांनी बापाकडे दुर्लक्षच केले होते. सगळे संशोधन आई आणि मूल या जोडीभोवती फिरत होते. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बापाच्या सहभागाचे तीन भाग पाडले. पहिला, मुलाबरोबर प्रत्यक्ष काही करणे: भरवणे, खेळणे, गोष्ट सांगणे. दुसरा, मुलाला हाक मारता येईल इतक्या अंतरावर असणे. तिसरा, मुलाच्या गरजांची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेणे. आपल्याकडचे अनेक प्रेमळ बाप पहिल्या भागात बरे असतात, दुसऱ्यात जमेल तसे, आणि तिसऱ्यात जवळजवळ नसतातच.

दोन वर्षांच्या मुलाला रात्री ताप भरला आहे असे समजा. बाप घाबरतो, गाडी काढतो, डॉक्टरांना गाठतो, औषधे आणतो, पैसे भरतो. त्याची तळमळ खरी असते. पण डॉक्टर विचारतात: वजन किती? तापाचे औषध याआधी किती वाजता दिले आणि किती? शेवटची शू कधी झाली? मागे कधी तापात आकडी आली होती का? प्रत्येक प्रश्नाला बाप मान वळवून आईकडे बघतो. तापाचे औषध किती द्यायचे हे मुलाच्या वजनावर ठरते, आणि दोन मात्रांमधले अंतर चुकले तर इजा होऊ शकते. म्हणून ही उत्तरे ठाऊक असणे हीच मुलाची खरी राखण आहे. ती एकट्या आईच्या आठवणीवर सोपवलेली असते. ती थकली, आजारी पडली, गावाला गेली की घरात मुलाला ओळखणारे कोणी उरत नाही. सांगितलेले काम करणारा बाप चांगलाच. पण कामाची आठवण स्वतः ठेवणारा बाप मुलाला दुसरा भक्कम आधार देतो.

या आधाराचे मोल संशोधनात पुन्हा पुन्हा दिसले आहे. स्वीडनच्या ॲना सरकाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये, मुलांचा अनेक वर्षे माग ठेवणारे २४ शोधनिबंध एकत्र तपासले. त्यांपैकी २२ निबंधांत बापाच्या सहभागाचा मुलांना लाभ झालेला आढळला. मुलग्यांमध्ये वर्तनाच्या तक्रारी कमी, तरुण मुलींमध्ये मानसिक त्रास कमी, असा तो लाभ. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. त्या पाहणीत सख्ख्या बापाबरोबर पितृतुल्य माणसेही धरलेली होती. मुलाला गरज असते ती माया करणाऱ्या, भरवशाच्या आणखी एका मोठ्या माणसाची. एकटीने मूल वाढवणाऱ्या आईचे मूल कमी पडते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अशा कितीतरी घरांत मामाने, आजोबांनी, मावशीने ती जागा समर्थपणे भरली आहे. दारू पिऊन येणारा, हात उगारणारा बाप घरात जास्त वेळ असणे हेही मुलाचे भले नाही. बापाचे मोल त्याच्या काळजी घेण्यातून येते, नुसत्या असण्यातून येत नाही.

‘पुरुषाला हे निसर्गतःच जमत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. शास्त्र तसे म्हणत नाही. फिलिपिन्समधील सेबू इथल्या सहाशेहून अधिक तरुणांचा काही वर्षे अभ्यास करून ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाप झालेल्या पुरुषांच्या शरीरातले टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण घटले होते, आणि जे रोज तीन तास किंवा अधिक मुलाची काळजी घेत त्यांच्यात ते सर्वांत कमी होते. रोज मूल सांभाळणाऱ्या माणसाचे शरीरही त्या कामाशी जुळवून घेत असावे, असे यातून दिसते. आईलासुद्धा पहिल्या दिवशी सगळे येत नाही. दूध पाजताना बाळाला कसे धरायचे, ढेकर कशी काढायची, हे रडणे भुकेचे की पोटदुखीचे, हे ती शिकते ते रोजच्या सरावाने, आणि तिला तो सराव करावाच लागतो. बापाला तो टाळण्याची मुभा असते, म्हणून तो मागे राहतो.

हा सराव नेमका कुठे हुकतो, याचे उत्तर आपल्या घरांतच आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. तिच्यामागे माया आहे, शहाणपणही आहे. बाळंतिणीला विश्रांती मिळते, आई जवळ असते, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, मालिश हे सगळे निगुतीने होते. पण या रीतीत बापाला जागा नाही. सातव्या महिन्यानंतर केव्हातरी बायको माहेरी जाते. बाळ झाल्याचा फोन येतो, तो पेढे घेऊन पोचतो, बाळाला दोन मिनिटे हातात घेतो, फोटो काढतो आणि सोमवारी कामावर हजर होतो. बारशाला तो पाहुण्यासारखा येतो. बाळाला अंघोळ घालणारी बाई येते, पाय पसरून त्यावर बाळाला पालथे घालते, तेल चोळते, पाणी ओतते. तेव्हा बाप बाहेरच्या खोलीत सासऱ्यांशी बोलत बसलेला असतो. कोणी त्याला आत बोलावत नाही आणि त्यालाही आत जावेसे वाटले तरी संकोच होतो.

दोन-तीन महिन्यांनी आई आणि बाळ घरी येतात तेव्हा आई त्या बाळाची पुरती जाणकार झालेली असते आणि बाप नवशिका. तो लंगोट बांधायला जातो, बाळ रडते, घरातली कोणीतरी म्हणते, ‘द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं.’ तीन-चारदा असे झाले की तो हात आवरतो. पुढची पंधरा वर्षे शाळेची फी, गाडीवरून ने-आण आणि प्रगतिपुस्तकावरची सही एवढे त्याच्याकडे उरते. मुलाशी त्याचे बोलणे गुणांपुरते राहते. पंधराव्या वर्षी मूल मनातले सांगत नाही म्हणून तो दुखावतो, पण ती वाट पहिल्या पंधरवड्यातच बंद व्हायला लागलेली असते. रीत मोडा असे इथे म्हणायचे नाही. बाळंतपण माहेरी होणार असेल तर बापानेही तिथे राहावे, अंघोळीच्या वेळी आत बसावे, रात्रीची एक पाळी स्वतःकडे घ्यावी. आणि सासू-सासऱ्यांनी त्याला जावई म्हणून ताटावर बसवण्याऐवजी बाप म्हणून कामाला लावावे. घरातल्या आजीनेही त्याच्या हातून दुपटे वाकडे गुंडाळले गेले तर ते तसेच राहू द्यावे.

दवाखान्यांनी यात मोठी भूमिका घ्यायला हवी. कमी वजनाच्या बाळांसाठी ‘कांगारू मदर केअर’ ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली आणि आज जगभर मान्य आहे. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालायचे. मोठ्या माणसाने छाती उघडी ठेवून बाळाला तिच्यावर उभे, पोटाला पोट लावून ठेवायचे, मान एका बाजूला वळवायची आणि वरून कापडाने घट्ट बांधायचे. बाळाला ऊब मिळते, श्वास स्थिर राहतो. हे काम बापाच्या छातीवरही उत्तम होते. आईचे सिझेरियन झालेले असते, ती हलू शकत नसते, तेव्हा तर त्याचीच पाळी असते. तासभर बाळाला असे छातीशी धरून बसलेल्या माणसाला बापपण व्याख्यानातून शिकवावे लागत नाही. तरीही कितीतरी ठिकाणी पुरुषांना वॉर्डात मज्जाव असतो. लसीकरणाच्या खोलीतही आई बाळाला घेऊन आत आणि बाप पिशवी घेऊन दाराबाहेर, हेच चित्र दिसते. वॉर्डातल्या इतर बायकांचा खासगीपणा जपायलाच हवा; त्यासाठी पडदा लावता येतो, वेळ ठरवता येते. घरी सोडताना बाळाच्या काळजीच्या सूचना दोघांना एकत्र बसवून द्याव्यात. आणि बापाच्या मनाचीही विचारपूस व्हावी. बाळाच्या जन्माआधीच्या आणि नंतरच्या काळात साधारण दहांपैकी एका बापामध्ये नैराश्याची लक्षणे दिसतात, असे २०१० मध्ये जामा या नियतकालिकातल्या आढाव्यात आढळले होते. आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

अंगणवाडीच्या मेळाव्याला ‘पालक’ म्हणून बोलावणे असते, येतात त्या आया. शाळेच्या सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवल्या जातात. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात मुलांच्या आयांचेच नंबर असतात. सभा रविवारी घेणे, गटात दोघांचे नंबर घालणे आणि मुलाबद्दलचा फोन आलटून पालटून बापालाही करणे, याला पैसा लागत नाही. बापाला पहिला फोन आला की त्याला उत्तर शोधावे लागते, आणि तिथून जबाबदारी सुरू होते.

तरीही मुळाचा प्रश्न वेळेचा आहे आणि तो कायद्यानेच सुटेल. स्वीडनने १९७४ मध्ये आईची रजा काढून आई-बाप दोघांना मिळून पालक रजा दिली. रजा कोणी घ्यायची ते घरातच ठरवायचे होते, आणि घरांनी ती आईलाच दिली. पहिल्या वर्षी बापांनी एकूण दिवसांपैकी अर्धा टक्का दिवस घेतले. नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले. स्वीडनने १९९५ मध्ये एक महिना राखला, २००२ मध्ये दुसरा, २०१६ मध्ये तिसरा. बापाने घेतली नाही तर तेवढी रजा बुडते, आईला मिळत नाही. या एका अटीने चित्र पालटले. आज स्वीडनमध्ये सुमारे तीस टक्के दिवस बाप घेतात. राखीव नसलेली रजा साहेबाकडे मागताना पुरुष कचरतो. राखीव हक्क मागताना त्याला लाजावे लागत नाही.

आपल्याकडे हा विषय संसदेत आणला तो महाराष्ट्राच्याच खासदाराने. हिंगोलीचे राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले. असंघटित क्षेत्रासह सर्व कामगारांना १५ दिवसांची आणि तीन महिन्यांपर्यंत वाढवता येणारी रजा त्यात सुचवली होती. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही. हेही झाले नाही. सातव २०२१ मध्ये गेले. त्यांचा विचार मात्र मागे पडू देण्यासारखा नाही.

आक्षेप दोन येतात. रजा घेऊन बाप घरी लोळत पडेल, हा पहिला. म्हणून रजेचा काही भाग असा ठेवावा की, तो आई कामावर परतल्यानंतर, मुलाच्या पहिल्या वर्षात घ्यायचा. घरात आपण आणि मूल दोघेच असलो की लोळता येत नाही. उद्योगांना परवडणार नाही, हा दुसरा. आज कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरच्या स्त्रियांच्या २६ आठवड्यांच्या पगाराचा भार एकट्या मालकावर पडतो आणि त्यामुळे तरुण बाईला नोकरीवर घ्यायला तो बिचकतो. रजा दोघांनाही असेल आणि तिचा खर्च विम्यासारख्या सामाईक निधीतून भागेल, तर स्त्रीला नाकारण्याचे हे कारणही कमी होईल. आईच्या रजेतला एक दिवसही न कापता हे करायचे आहे.

हमाल, गवंडी, रिक्षावाला यांचे काय, हा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांची सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी. पण याचाही मार्ग महाराष्ट्राने पूर्वीच दाखवला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे उभी केली, मालकांकडून मजुरीवर वेगळी लेव्ही घेतली आणि अंगमेहनतीच्या कामगाराला भविष्य निर्वाह निधी आणि भरपगारी सुट्टी मिळवून दिली. बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ आहे, त्याला उपकराचा निधी आहे. मूल झाल्यावर पंधरा दिवसांची मजुरी बापाला या मंडळांतून देता येईल. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याच्या जोडीला तर आई-बाप दोघांसाठी ही सोय हवी, कारण तिथे तान्हे मूल उसाच्या फडातच असते.

कामगार कल्याण आणि प्रसूती लाभ हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत; महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. सिक्कीमने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक महिन्याची पितृत्व रजा जाहीर केली. महाराष्ट्राने त्याच्या पुढे जावे. किमान एक महिन्याची भरपगारी, राखीव, बापाशिवाय कोणालाही न देता येणारी रजा सरकारी आणि खासगी दोन्ही नोकऱ्यांत द्यावी. पाळणाघरात जाण्याची मुभा बापालाही द्यावी. आणि असंघटित कामगारांसाठी मंडळांमार्फत मजुरीची भरपाई सुरू करावी. एवढे झाल्यावर पुढचे उत्तर बापांनी द्यायचे आहे, आणि ते त्यांनी मुलाला अंघोळ घालून, भरवून, रात्री जागून द्यावे. मुलाचे बालपण पाच-सहा वर्षांत सरते. कायद्याला तेवढा उशीर करण्याचा अधिकार नाही.